पॅनेलवरचं तिसरं नाव

आमच्याकडे बैठकीत एखाद्या कामासाठी माणूस नेमायचा असला की त्याच्यापुढे पान-सुपारी ठेवतात. त्याने ती उचलली की विषय संपला. त्याच कामासाठी मग दुसऱ्या कुणापुढे पान ठेवायचं नाही, तो पहिल्याचा अपमान. हे कुठे लिहिलेलं नाही, पण गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. सरकारी साहेबांना मात्र ठाऊक नव्हतं आणि आम्हाला त्यांचा नियम ठाऊक नव्हता. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

मी पेणजवळच्या जोहे गावची सून. आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, एका बाजूला साचे, दुसऱ्या बाजूला फळ्यांवर ओळीने मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती. मालक माझे थोरले दीर. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. माझा नवरा रोह्याच्या कंपनीत, शिफ्टमध्ये. त्याला मातीची आवड नाही, वासानेच शिंका येतात म्हणतो. मला मात्र लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हंगामात सासूबाईंनी हातात कुंचला दिला आणि मी डोळ्यांची आखणी शिकले. मूर्ती रंगून तयार झाली की सगळ्यात शेवटी डोळे काढतात. ते चुकले तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. दादांच्या कारखान्यातली एकही मूर्ती माझ्या हातून गेल्याशिवाय गाडीत चढत नसे, आणि मला त्याचा गर्व होता. आजही आहे, उगाच नम्रपणा कशाला?

तर त्या वर्षी बातमी आली की सरकारचं कौशल्य प्रशिक्षणाचं जे प्राधिकरण आहे, ते पेण आणि रोह्यासाठी एक मंडळ नेमणार. त्यावर कंपन्यांचे मालक असणार, कामगारांच्या युनियनचा माणूस असणार, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचा असणार आणि एक खुर्ची आम्हा मूर्तिकारांची. कोणाला काय शिकवायचं आणि प्रमाणपत्र कोणाला द्यायचं, हे ते मंडळ ठरवणार. सरकारी शेड, बँकेचं कर्ज, मोठमोठ्या ऑर्डरी, सगळं पुढे त्या प्रमाणपत्रावर मिळणार असं जो तो सांगत होता.

दादा आमच्या कारखानदारांच्या संघाचे अध्यक्ष. ते पेणहून अभ्यासक्रमाचा कच्चा मसुदा घेऊन आले आणि ओटीवर बसून मोठ्याने वाचू लागले. मी आत भाजी चिरत होते. उमेदवार दहावी पास हवा, आणि माती मळण्यापासून रंगापर्यंत अख्खी मूर्ती त्याला एकट्याला करता आली पाहिजे, असं त्यात होतं. माझा हात थांबला. आमच्याकडे अख्खी मूर्ती एकटा कोण करतो? साचे पुरुष भरतात, उचलापाचल ते करतात. घासणं, सफेदा मारणं, रंग, दागिने, डोळे, हे सगळं बायका करतात. त्यातली एकही दहावी झालेली नाही. मी सातवी, माझी जाऊ, म्हणजे दादांची बायको, चौथी. म्हणजे ज्या कामावर पेणच्या गणपतीचं नाव झालं, ते करणारी एकही बाई त्या प्रमाणपत्रात बसत नव्हती.

मी बाहेर आले आणि म्हटलं, "दादा, यात आम्ही कुठे हाव?"

दादांनी चष्म्यावरून पाहिलं. "बायांना कागुद घेऊन काय करायचाय? तुम्ही घरच्याच हाव."

ते हे प्रेमाने बोलले, यात शंका नाही. पण घरच्या माणसाला कधी परका कागद लागतो, हे मला शेजारच्या कारखान्यात दिसलं होतं. तिथला कर्ता गेला आणि ज्या वहिनीने जन्मभर रंग काढले, तिला बँकेने विचारलं की तुम्ही काय करता? गृहिणी असं लिहून तिला परत पाठवलं. मी त्या दिवसापासून मनात धरलं की त्या खुर्चीवर कोणीही बसो, पण ही अट त्याने बदलून घेतली पाहिजे. दादा ती बदलणार नाहीत हे मला त्याच क्षणी कळलं होतं. ते वाईट म्हणून नव्हे, त्यांना त्यात बदलण्यासारखं काही दिसतच नव्हतं म्हणून.

संघाची बैठक देवळात झाली. अपेक्षेप्रमाणे दादांपुढे पान आलं, त्यांनी उचललं, टाळ्या झाल्या. ठराव एकमताने झाला आणि पेणहून कुरिअरने गेला. दादांनी नवा झब्बा शिवायला टाकला. जाऊ मला म्हणाली, "आता तुझे दादा साहेबांच्या पंगतीला बसतील गो." तिचा चेहरा इतका उजळला होता की मीही हसले.

आठवडा झाला नसेल, ठराव परत आला. पॅनेल अपूर्ण. नियम असा होता की संघाने तीन नावं द्यायची, त्यात एक बाई हवीच, आणि तिघांतून एकाची निवड प्राधिकरण करणार. एकच नाव पाठवलं तर ते बघणारसुद्धा नाहीत. मुदत संपली की खुर्ची प्राधिकरणाचं कार्यालय आपल्या मर्जीने भरणार.

आता आली का पंचाईत. संघातल्या लोकांना वाटत होतं की एकमत म्हणजे मोठी गोष्ट, साहेब खूश होतील. इथे एकमतच आडवं आलं. पुन्हा बैठक भरली आणि कोणी तोंड उघडेना. दादांपुढे पान उचलून झालं होतं, दुसरं ठेवणार कसं? आणि ठेवलं तरी उचलणार कोण? गावातला एकही मानी कारखानदार दोन नंबरला नाव द्यायला तयार नव्हता. एक तर सरळ म्हणाला, "मी काय स्टेपनी हाय?" हसायला कोणी धजावलं नाही. मुदत डोक्यावर आली होती आणि बाहेर एक बातमी फिरत होती की रंग आणि प्लास्टर पुरवणारा एक व्यापारी त्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. तो आमच्यातला नव्हता. तो बसला असता तर आम्हाला काय शिकवायचं ते त्याच्या गोण्यांनी ठरवलं असतं.

शेवटी दादांनीच तोडगा काढला. ज्यांच्या नावाने कोणाचा मान दुखणार नाही अशी दोन नावं घालायची. एक आमचे चुलतसासरे, ज्यांना ऐकू येत नव्हतं आणि जे उंबऱ्याबाहेर पडत नव्हते. आणि दुसरी मी. पान ठेवायचं नाही, नुसतं नाव लिहायचं. पुरुषांनी माना डोलावल्या. मला देवळाच्या पायरीवर बोलावून घेतलं आणि नारळावर हात ठेवायला सांगितलं. चुकून माझं नाव निघालं तर मी मागे सरेन आणि दादांना वाट करून देईन, असा शब्द मी दिला. दिला तेव्हा खराच दिला. माझं नाव निघेल असं त्या देवळात कोणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही.

निघालं ते माझंच.

फोन माझ्याच मोबाईलवर आला. पलीकडे प्राधिकरणाच्या मॅडम होत्या, आवाज तरुण, मराठी नागपूरकडची. अभिनंदन म्हणाल्या. रोह्याला प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये सुनावणी आहे, तिथे संघाची हरकत असली तर ऐकली जाईल आणि तुम्ही स्वतः येऊन मान्य आहे की नाही ते सांगायचं. मी म्हटलं, मॅडम, माझ्याऐवजी अध्यक्षांना घ्या, मी नाव मागे घेते. त्या म्हणाल्या, तसं होत नाही ताई. पॅनेल एकदाच वापरतात. तुम्ही नाही म्हणालात तर पॅनेल रद्द होतं, मग ती जागा कार्यालय भरेल. अध्यक्ष येणार नाहीत, तुमच्यातलं कोणीच येणार नाही.

मी ते घरात सांगितलं, शब्दाला शब्द. दादा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "असा नियम असेल कसा? पयला नंबर मागे सरला तर दुसरा येतो, शेंबड्या पोराला कळतंय."

"तुम्हीच फोन करा दादा."

"मी कशाला करू? मी काय खुर्ची मागायला जातोय?"

तो फोन त्यांनी केला नाही. मानाचा प्रश्न होता. आणि एकदा फोन केला नाही म्हटल्यावर मी सांगते ते खोटं, हे ठरलं. दोन दिवसांत गावभर झालं की धाकट्या सुनेला खुर्चीचा मोह पडलाय आणि ती नियम रचून सांगतेय. विहिरीवर बायका गप्प होऊ लागल्या. ज्यांच्यासाठी मी जीव पणाला लावला होता त्याच. मला राग आला, खूप आला. एकीला मी म्हटलंसुद्धा, "तुझ्या हाताच्या रंगाला कागद मिळावा म्हणून चाललंय गो." ती म्हणाली, "शब्द दिलास ना तू?" मी कळशी उचलून घरी आले.

नवऱ्याला विचारलं. तो सेकंड शिफ्टला निघाला होता, डबा पिशवीत घालत होता. "भाऊ माझा, बायको माझी, मला यात पाडू नको," म्हणाला. दारापर्यंत जाऊन परत आला आणि हळूच म्हणाला, "पन मॅडमचा नियम खरा हाय. आमच्या युनियनचा पॅनेल तसाच बाद झाला होता." हे त्याने भावाला का नाही सांगितलं? विचारलं तर म्हणाला, गाडी सुटेल. आणि गेला.

सुनावणीच्या दिवशी मी आणि दादा एकत्रच निघालो. दुसरी सोय नव्हती आणि वेगवेगळं जाणं म्हणजे गावाला तमाशा. मिनिडोर रिक्षाने पेणला, तिथे रामवाडीच्या स्टँडवरून रोह्याची एसटी. दादांनी नवा झब्बा घातला होता. मला खिडकी दिली, स्वतः कडेला बसले. मला आजवर प्रवासात त्यांनी नेहमी खिडकीच दिली आहे. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. भिसे खिंडीत गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा समोर बघतच म्हणाले, "नारळ उद्याही देवळातच असणार हाय."

मी म्हटलं, "मी नाय म्हटलं तर तुम्हाला मिळणार असती ना, तर मी आत्ता उतरून पायी घरी गेले असते."

"ते तुझं तू."

"तुमचा माझ्यावर इश्वास नाय का दादा?"

त्यांनी मान फिरवली. डोळ्यांत पाणी होतं की उन्हाचं काही होतं, मला सांगता येणार नाही. मी मात्र रुमाल तोंडाशी धरला. जो माणूस माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नाही, त्याच्याशी मी भांडायला चालले होते आणि तो शेजारी बसून माझं तिकीट काढत होता.

हॉलमध्ये पंखे होते, लांब टेबल होतं, टेबलामागे मॅडम. कंपन्यांचे लोक गळ्यात ओळखपत्रं घालून आले होते. तो रंगाचा व्यापारीही मागच्या रांगेत पाय पसरून बसला होता, कशाला ते सांगायला नको. एकेका जागेचं नाव पुकारत होते. कंपन्यांचा प्रतिनिधी: हरकत नाही, मान्य आहे, सही. युनियनचा: हरकत नाही, मान्य आहे, सही. इतक्या भराभर चाललं होतं की मला वाटलं, आमचंही असंच निघून जाईल.

"मूर्तिकार. संघाची काही हरकत?"

दादा उभे राहिले. "हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काय हरकत आहे?"

"तिने शब्द दिलाय. नाव आलं तर मागे सरायचा."

"लेखी आहे?"

"नाय. नारळावर हात ठेवून."

कंपनीवाल्यांतला एक जण हसला. मग दुसरा. मॅडमही हसू आवरत होत्या. दादा तसेच उभे, नव्या झब्ब्याची इस्त्री न मोडलेली, आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं त्यांना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ताडकन उठले आणि म्हटलं, "हसू नका. आमच्याकडे नारळावरचा शब्द तुमच्या सहीपेक्षा पक्का असतो. त्यांचं खरं आहे. दिलाय मी शब्द."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी आता नाही म्हणणार. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि ते दिसलं म्हणून पुढचं बोलणं फार जड गेलं.

मी म्हटलं, "मॅडम, मी नाही म्हणाले तर ही जागा दादांना मिळेल का? सगळ्यांसमोर सांगा."

"नाही. पॅनेल रद्द होईल. कार्यालय दुसरं नाव घेईल."

मागच्या रांगेतले पाय आवरले गेले, खुर्ची करकरली. दादांनी ते ऐकलं. नियम खरा होता हे त्यांना त्या क्षणी कळलं, चार लोकांत, उभ्या उभ्या. मला वाटलं ते म्हणतील, मग बस तू. एवढे तीन शब्द बोलले असते तर सगळं सावरलं असतं. मी वाट पाहिली. मॅडमनी घड्याळ पाहिलं. दादा बोलले नाहीत. मागे सरायचा शब्द मी दिला होता, आणि नियम कसाही असला तरी शब्द शब्दच असतो, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी बदललं नाही.

"ताई, मान्य आहे की नाही?"

"मान्य आहे," मी म्हटलं.

मी सही केली. वळून पाहिलं तर दादांची खुर्ची रिकामी होती. रोहा स्टँडवर मी दोन गाड्या सोडल्या, ते आले नाहीत. ते कसे घरी पोचले ते आजही मला माहीत नाही.

घरात कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, मी तोडीस तोड बोलले असते. जेवायला वाढत होते, तापात जाऊने कपाळावर पट्ट्या ठेवल्या. फक्त हंगाम लागला, मूर्ती रंगून फळ्यांवर आल्या आणि मला कोणी हाक मारली नाही. सकाळी मी हात-पाय धुऊन शेडकडे गेले तर माझ्या पाटावर जाऊ बसली होती. माझा कुंचला तिच्या हातात. दादा साच्याकडे पाठमोरे उभे होते. जाऊने खाली मान घातली आणि म्हणाली, "तुला आता सरकारचं काम हाय ना गो." तिच्यासमोरच्या मूर्तीचा डावा डोळा उजव्यापेक्षा वर गेला होता. मी दारातूनच परत फिरले आणि मोरीत जाऊन रडले.

मंडळावर मी चांगली भांडले. दहावीची अट काढायला कंपनीवाले तयार नव्हते, दर्जा उतरेल म्हणत. मी विचारलं, पेणच्या मूर्तीला दर्जा आहे की नाही? आहे म्हणाले. मग तो कोणी आणला, दहावीने? दोन-तीन बैठका त्यात गेल्या. अखेर ठरलं की मूर्तीतलं एकेक काम वेगळं धरायचं, घासकाम, रंगकाम, आखणी, आणि ज्याला जे येतं त्याची परीक्षा घेऊन त्याचं प्रमाणपत्र द्यायचं. शाळेची अट नाही. मंडळाच्या सदस्यांना मात्र परीक्षेला बसता येणार नाही आणि मूर्तिकामाच्या प्रमाणपत्रावर मूर्तिकारांच्या सदस्याची सही लागेल. मॅडमनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी मान डोलावली. त्यात मी कुठे उरले, हे घरी येताना एसटीत लक्षात आलं.

विहिरीवरच्या बायका परीक्षेच्या दिवशी रामवाडीच्या परीक्षा केंद्रावर नटून आल्या. ज्या बोलत नव्हत्या त्या बोलू लागल्या, कशी काढायची गो रेघ, एकदा दाखव. मी दाखवली, हवेत, बोटाने. जाऊही आली होती, दादांनी स्वतः तिला आणून सोडलं होतं. ते फाटकाबाहेर थांबले. तोपर्यंत तिचा हात बसला होता, दोन्ही डोळे एका रेषेत येत होते. परीक्षक बाहेरचे होते, त्यांनी तिला पास केलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. आखणी, असं त्यावर छापलं होतं, त्याखाली तिचं नाव. मी सही केली.

दादांनी तो कागद फ्रेम करून आणला आणि कारखान्यात, आल्या-गेल्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी स्वतः खिळा ठोकून लावला. गिऱ्हाईक आलं की ते फ्रेमकडे बोट दाखवतात, आमच्याकडे डोळे सर्टिफिकेटवालं माणूस काढतं, म्हणतात. खालची सही कोणाची, असं एका मुंबईच्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं. मी अंगणात वाळवण घालत होते, मला ऐकू आलं.

दादा म्हणाले, "हाय एक बाई मंडळावर."